सतरंजी-गालिच्यावर नेलपॉलिश सांडली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी, भुलाबाईच्या महिन्यात, नाही तर लग्नघरी मेंदीच्या संध्याकाळी पोरी सतरंजीवर गोल करून बसतात आणि त्या गर्दीत एखादी बाटली कलंडतेच. डाग पडला म्हणून कोणी सतरंजी फेकत नाही, पण घाईत केलेल्या उपायाने ती पुष्कळदा कायमची खराब होते. खालची उत्तरे गावातल्या घराचा विचार करून लिहिली आहेत: जिथे चूल जमिनीवर आहे, पाणी बोअरचे आहे आणि ड्रायक्लीनवाला तालुक्याला आहे.

नेलपॉलिश साबणाने का निघत नाही?

नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. ते सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक लवेपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनवतात. इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट अशा लवकर उडणाऱ्या द्रावकांत ते विरघळवलेले असते आणि त्यात रंगाची पूड मिसळलेली असते. द्रावक उडाले की मागे कडक पापुद्रा राहतो. साबण तेलकटपणा सोडवतो, पाणी मीठ-साखर विरघळवते. या पापुद्र्याला दोन्ही शिवत नाहीत.

पण सुकताना त्यात दुसरा काही बदल झालेला नसतो, फक्त द्रावक उडालेले असते. म्हणून तशाच जातीचे द्रावक पुन्हा मिळाले की वर्षभर जुना डागही पातळ होतो. पातळ झालेला रंग कुठे तरी जाणारच. घासले तर तो आजूबाजूच्या दोऱ्यांत जातो, वरून कोरडे पांढरे कापड दाबले तर कापडात येतो. पुढची सगळी उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत: हा डाग पुसायचा नसतो, एका कापडातून दुसऱ्या कापडात न्यायचा असतो.

आत्ताच सांडली आहे. आधी काय करू?

कुलर आणि पंखा बंद करा. वाऱ्याने नेलपॉलिश लवकर आळते आणि तुमचा वेळ कमी होतो. बाटली उचला, लेकरांना बाजूला करा, म्हणजे पायाने डाग घरभर जाणार नाही.

वर साचलेला घट्ट रंग चमच्याच्या कडेने किंवा सराट्याच्या टोकाने उचला. चमचा डागाच्या बाहेरून आत आणायचा आणि दर वेळी पुसून घ्यायचा. मग जुन्या पांढऱ्या धोतराची किंवा बनियनची चिंधी घडी करून सरळ वरून दाबा, पाच मोजा, उचला. रंग लागलेली बाजू पुन्हा सतरंजीला लावू नका, घडी बदला. चिंधीवर रंग येणे कमी झाले की मगच रिमूव्हर काढा. एवढ्या टिपण्याने ओल्या नेलपॉलिशचा बराच भाग निघून येतो आणि नंतर रिमूव्हर कमी लागते.

या वेळी पाणी ओतू नका. पाण्याने रंग निघत नाही, उलट दोरा फुगतो, भिजतो आणि नंतर टाकलेले रिमूव्हर त्या पाण्यात पातळ होऊन निकामी होते.

कोणते रिमूव्हर घ्यावे?

बिनरंगाचे, बिनतेलाचे, ॲसिटोन असलेले. बाजारात मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांत गुलाबी, निळे, जांभळे रिमूव्हर असते. नखासाठी ते ठीक आहे, पण पांढऱ्या पट्ट्यावर त्याचा स्वतःचा रंग उरू शकतो. नखे कोरडी पडू नयेत म्हणून काहींत तेल किंवा ग्लिसरीन घातलेले असते. ते सतरंजीत राहते आणि आठ-पंधरा दिवसांनी त्या जागी धूळ धरून काळा गोल उमटतो. लोक समजतात डाग परत आला. तो तेलाचा असतो.

'ॲसिटोन-फ्री' लिहिलेल्या बाटलीत बहुतेक वेळा इथिल ॲसिटेट असते. त्यानेही काम होते, फक्त हळू होते. ते पेट घेत नाही असा समज मात्र चुकीचा आहे. तेही तितक्याच सांभाळून वापरायचे.

दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या सुकलेल्या डागाला साधारण ३० ते ५० मिली लागते. अर्धी बाटली सांडली असेल तर १०० मिली हाताशी ठेवा. अर्ध्यात रिमूव्हर संपले की पातळ झालेला रंग तसाच पसरून सुकतो आणि डाग पहिल्यापेक्षा मोठा होतो. म्हणून पुरेसे आणल्याशिवाय सुरुवातच करू नका. ओतायला स्टीलची किंवा काचेची वाटी घ्या. प्लास्टिकच्या काही वाट्या आणि थर्माकोलचे द्रोण ॲसिटोनने मऊ पडतात, विरघळतात.

घरात चूल पेटलेली आहे. चालते काय?

नाही. ही गोष्ट डागापेक्षा फार मोठी आहे.

ॲसिटोन ५६ अंशाला उकळते आणि त्याची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते. वाफ दिसत नाही आणि ती हवेपेक्षा जड असते. म्हणजे ती वर छताकडे जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. सतरंजी जमिनीवर, चुलीचे तोंडही जमिनीलगत. देवघरातले निरांजन, उदबत्ती, कोपऱ्यात जळती डासांची अगरबत्ती, हे सगळे त्याच पातळीवर असते. शेजारच्या खोलीतल्या विस्तवापर्यंतही वाफ पोचू शकते.

म्हणून सतरंजी उचलून छपरीत किंवा अंगणात न्या. उचलण्यासारखी नसेल तर चूल विझवून निखारे बाहेर काढा, गॅस रेग्युलेटरवरून बंद करा, दिवा-उदबत्ती विझवा, दारे-खिडक्या उघडा. जवळ कोणी बिडी ओढत असेल तर त्याला उठवा. काम चालू असताना विजेची बटणे दाबू नका. आपले काम दिवसाउजेडी करायचे आहे. वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा चूल पेटवा. गरोदर बाई, दम्याचा माणूस आणि लहान लेकरू त्या वेळी खोलीत नको.

सतरंजी कशाची आहे हे कसे ओळखू?

किनारीच्या दशीतून एक दोरा ओढून घ्या आणि रिमूव्हरपासून दूर, अंगणात, चिमट्यात धरून पेटवा. कागदासारखा जळून मऊ राखाडी राख पडली तर सूत किंवा ताग. केस जळल्याचा वास येऊन काळी, बोटाने चुरडणारी गोळी झाली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन.

सूत, ताग, लोकर, पॉलिस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन हे सगळे धागे घरच्या कामात ॲसिटोन सहन करतात. सहन न करणारा धागा म्हणजे ॲसिटेट. तोही वितळतो, म्हणून पेटवून फसगत होते. त्यासाठी दुसरा दोरा वाटीत चमचाभर ॲसिटोनमध्ये दहा मिनिटे ठेवा. चिकट झाला किंवा विरघळला तर त्या वस्तूवर कुठलेही रिमूव्हर टाकू नका. लोड-तक्क्यांच्या चकचकीत मखमली खोळी आणि साटीनचे अस्तर यांत हा धागा सापडतो. सतरंजीत सहसा नसतो.

यानंतर रंगाची परीक्षा. सतरंजीच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, प्रत्येक रंगाच्या पट्ट्यावर ५-६ थेंब रिमूव्हर टाका, पांढरी चिंधी दाबून दहा मिनिटे थांबा. हीच परीक्षा साध्या पाण्यानेही वेगळी करा. सुती सतरंजीचा लाल पट्टा पुष्कळदा रिमूव्हरपेक्षा पाण्यानेच जास्त सुटतो आणि शेजारचा पांढरा पट्टा गुलाबी करतो. पाण्याने सुटणारी सतरंजी असेल तर शेवटचे धुणे टाळून नुसत्या ओलसर चिंधीवर भागवा.

सुती सतरंजीवरचा सुकलेला डाग: नेमके कसे काढायचे?

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी बसा. लागणाऱ्या वस्तू: बिनरंगी रिमूव्हर, ८-१० पांढऱ्या सुती चिंध्या, स्टीलची वाटी, चमचा, जुना मऊ दातब्रश, भांडी घासायचे लिक्विड, दोन तांबे पाणी, बर्फ.

थेंब जाड असेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे चार खडे घालून डागावर पाच मिनिटे ठेवा. पापुद्रा थंडीने ठिसूळ होतो. मग सतरंजी त्या जागी बोटांनी दुमडून मोडा, म्हणजे पापुद्र्याला तडे जातात, आणि तुकडे चमच्याच्या कडेने खरवडून उचला. ब्लेड वापरू नका. सतरंजीचा बाणा वरच असतो, एक दोरा तुटला की रांग उसवते. पातळ डागाला बर्फाची गरज नाही.

आता सतरंजी उलटी करा. डागाची बाजू खाली आणि तिच्याखाली चार पदरी पांढरी चिंधी. वर्तमानपत्र ठेवू नका, शाई विरघळून सतरंजीला लागते. मागच्या बाजूने डागाच्या बरोबर वर चमचाभर, म्हणजे ५ मिली रिमूव्हर थेंबाथेंबाने सोडा. डागाच्या बाहेर जाऊ देऊ नका. लगेच वर स्टीलची वाटी पालथी घाला आणि अर्धा मिनिट थांबा. वाटी काढून कोरड्या चिंधीने वरून दाबा. रंग ज्या बाजूने आला त्याच बाजूने खालच्या चिंधीत उतरतो. खालची चिंधी उचलून पाहा: पहिल्या वेळी गडद ठसा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फिका. दर वेळी चिंधीची स्वच्छ जागा डागाखाली सरकवा. इथेच बहुतेकांचे चुकते. तीच चिंधी ठेवली तर तिच्यातला रंग पुढच्या रिमूव्हरबरोबर पुन्हा सतरंजीत चढतो, आणि माणूस अर्धा तास राबूनही डाग तिथेच.

सहा ते दहा फेऱ्या लागतात. शेवटच्या दोन फेऱ्यांत विणीच्या खोबणीत बसलेला रंग ब्रशने हलवायचा असेल तर ब्रश दोऱ्याच्या दिशेने, ठोकल्यासारखा चालवा. आडवा घासला की सुताला लव सुटते आणि ती जागा नंतर पांढुरकी दिसते.

चिंधी कोरी निघू लागली की थांबा. रिमूव्हर दहा-पंधरा मिनिटे उडू द्या. मग पेलाभर कोमट पाण्यात लिक्विडचे ५-६ थेंब घालून, त्यात चिंधी बुडवून घट्ट पिळून, त्या जागेवर दाबा. नंतर साध्या पाण्याच्या चिंधीने दोन-तीनदा तेच. कोरड्या कापडाने टिपा आणि सावलीत वाळवा.

घरचा पिंजलेला कापूस चालतो काय?

घरात पोतेभर असला तरी नको. शेतातून आलेल्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे तो ओल नीट शोषत नाही. मेडिकलमधला कापूस धुऊन, मेण काढून तयार केलेला असतो म्हणून तो लगेच भिजतो. तरी सतरंजीसाठी चिंधीच बरी. कापसाचे तंतू विणीत अडकतात आणि विरघळलेल्या रंगासकट तिथेच सुकतात.

मागे रबर किंवा गोंद असलेला गालिचा आहे. तो उलटा करून चालत नाही.

असा गालिचा म्हणजे जाळीवर खोवलेल्या धाग्यांना मागून लॅटेक्सचा लेप दिलेला. ॲसिटोन लेपापर्यंत गेले की लेप फुगतो, मऊ होतो आणि धाग्यांचे झुपके सुटू लागतात. म्हणून यावर रिमूव्हर कधीच ओतायचे नाही. चिंधीचे टोक बुडवा, पिळा, दोन बोटांत धरून धाग्यांचा एक-एक झुपका चिमटीत दाबा आणि वर ओढा, बुडापासून टोकाकडे. एका वेळी चमच्याच्या पाव भागापेक्षा जास्त नको. दोन फेऱ्यांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा, म्हणजे आत गेलेले उडून जाईल. सुती सतरंजीला अर्धा तास लागतो, याला दोन तास धरा.

फक्त टोकांवर रंग उरला असेल आणि धागा लांब असेल तर छोट्या कात्रीने टोके मिलिमीटरभर छाटली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

लोकरीच्या गालिच्याचे काय?

भदोही-मिर्झापूरकडचे लोकरीचे गालिचे गावोगाव विकायला येतात आणि घरात जपून ठेवलेले असतात. लोकर ॲसिटोनने बिघडत नाही, गरम पाण्याने आणि सोड्याने बिघडते. पाणी थंडच घ्या, कपडे धुण्याची पावडर आणि खाण्याचा सोडा दूर ठेवा, ओली लोकर चोळू नका. ती आटते आणि नमद्यासारखी गोळा होते. बाकी रीत मागे लेप नसेल तर सुती सतरंजीची, लेप असेल तर वरच्या गालिच्याची. महागाचा, हातविणीचा गालिचा असेल तर फक्त ओला रंग टिपून घ्या आणि पुढचे काम तालुक्याच्या ड्रायक्लीनवाल्याला सोपवा.

मे महिन्यात रिमूव्हर टाकले की लगेच उडून जाते. रंग सुटतच नाही.

बरोबर आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली टाकलेले ॲसिटोन रंगात मुरायच्या आतच उडते. पापुद्रा वरून ओला होतो, लगेच पुन्हा कडक होतो आणि दर वेळी थोडा आणखी खोल बसतो. वर सांगितलेली पालथी वाटी याच्याचसाठी आहे. तिच्या आत वाफ कोंडून राहते आणि रंग मऊ होतो. सूर्योदयाच्या सुमारास बसा. रिमूव्हरची बाटली घट्ट बुच लावून थंड जागी ठेवा, उन्हात ठेवलेली बाटली तोंडाजवळ धरून उघडू नका.

पावसाळ्यात अडचण उलटी असते. डाग निघतो पण सतरंजी वाळत नाही, दोन दिवसांत कुबट वास धरते. तेव्हा धुणे अगदी कमी पाण्यात करा आणि ओली जागा दोरीवर किंवा बंगईच्या कडीवर टांगून दोन्हीकडून हवा लागू द्या.

रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, थिनर?

रॉकेल, पेट्रोल आणि टर्पेंटाइन नायट्रोसेल्युलोज विरघळवत नाहीत. डाग तसाच राहतो, वर वास आणि तेलकट चट्टा मिळतो. पेट्रोल तर घरात आणायचेच नाही.

लाकडाला पॉलिश करणारे लोक वापरतात ते एनसी थिनर खरोखर काम करते, कारण ते नायट्रोसेल्युलोजच्या रंगांसाठीच असते. पण त्यात टोल्युइनसारखी द्रावके असतात. त्याची वाफ डोक्यात जाते, रबरी लेप ते ॲसिटोनपेक्षा लवकर खराब करते आणि पेटायलाही तेवढेच तयार असते. रिमूव्हर मिळत असताना याची गरज नाही.

सॅनिटायझर, टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा?

पातळ सॅनिटायझर आणि मेडिकलमधले सर्जिकल स्पिरिट यांत अल्कोहोल असते. ते ओल्या डागाला उपयोगी पडते आणि सुकलेल्याला थोडे मऊ करते. रिमूव्हर मिळेपर्यंत, किंवा ॲसिटोन चालत नाही अशा कापडावर, परीक्षा करून वापरा. जेल सॅनिटायझर नको, ते चिकट थर सोडते. हेही पेट घेते, चुलीचा नियम इथेही तोच.

टूथपेस्ट फक्त घासते. लिंबू, व्हिनेगर आणि सोडा या पापुद्र्याला काही करत नाहीत. शिवाय सतरंजीखाली शहाबादी फरशी असेल तर लिंबू-व्हिनेगरने ती खाल्ली जाते, कारण तो चुनखडीचा दगड आहे. एक डाग काढताना दुसरा कायमचा पडतो.

सगळा रंग निघाला, पण गुलाबी छटा उरली.

पापुद्रा गेला आणि रंगाचा अंश धाग्यात राहिला. त्यावर पुन्हा रिमूव्हर ओतून फारसे निघत नाही. पांढऱ्या किंवा फिक्या सुतावर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. मेडिकलमध्ये जखम धुण्यासाठी मिळते ते बहुधा ६ टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूमचे असते. बाटलीवर वाचा आणि ६ टक्के असेल तर तेवढेच पाणी मिसळून ३ टक्के करा. आधी रिमूव्हर पूर्ण उडालेले, जागा धुतलेली आणि वाळलेली हवी. पेरॉक्साइड आणि ॲसिटोन कधीही एकत्र करू नका, एका वाटीतही नाही आणि एका चिंधीतही नाही.

चिंधीने फक्त छटेवर लावा, २० मिनिटे ठेवा, साध्या पाण्याने टिपून काढा. दोनदा करून थांबा. गडद रंगाच्या पट्ट्यावर याने सतरंजीचाच रंग उडतो, तिथे ती गुलाबी छटा राहू दिलेली बरी.

ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचे ब्लीच मात्र अजिबात नको. ॲसिटोनशी ते मिळाले की क्लोरोफॉर्मसारखा विषारी पदार्थ तयार होतो.

डाग गेला, पण वाळल्यावर पांढरा गोल दिसतो.

हे पाण्याचे मीठ आहे. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात हे हमखास होते, पण जड पाण्याच्या कोणत्याही बोअरवर होऊ शकते. पाणी उडते, क्षार ओल्या जागेच्या कडेला जमतात. साबणाची वडी वापरली असेल तर जड पाण्यात तिचा पांढरट चिकटा होतो आणि तोही तिथेच बसतो, म्हणून वर वडीऐवजी लिक्विड सांगितले आहे.

शेवटची टिपणी आरओच्या कॅनमधल्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. पेलाभर पुरते. गोल आधीच पडला असेल तर त्याच पाण्याने ओलसर केलेली चिंधी गोलाच्या कडेवरून आत दाबत जा आणि दर वेळी कोरड्या कापडाने टिपा.

काल साफ दिसत होते, आज डाग परत वर आला.

वरचा रंग निघाला होता, तळाशी विरघळलेला राहिला होता. दिव्याच्या वातीत तेल चढते तसा तो वाळताना ओलीबरोबर दोऱ्यांतून वर चढला. डाग त्याच दिवशी निघाला तरी रात्रभरासाठी त्या जागेवर चार पदरी कोरडे पांढरे कापड ठेवा, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वीट किंवा वरवंटा. वर येणारा रंग कापडात येतो. आता परत आलेल्या डागासाठी फक्त दोन-तीन फेऱ्या आणि मग हीच वीट.

चमकीची नेलपॉलिश आहे.

चमकी म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे, ते विरघळत नाहीत. आधी नेहमीप्रमाणे पापुद्रा विरघळवून काढा, जागा पूर्ण वाळू द्या, मग रुंद सेलोटेप दाबून झटक्याने उचला. ओल्यावर टेप धरत नाही.

पार्लरमध्ये लावतात ती जेल नेलपॉलिश सांडली तर?

जेल दिव्याच्या अतिनील किरणांनी घट्ट होते. उन्हातही ते किरण असतात. म्हणून जेल सांडली तर सतरंजी अंगणात नेऊ नका, उलट जागा झाका आणि सावलीतच सर्जिकल स्पिरिटच्या चिंधीने टिपून काढा. ओली असताना सहज निघते. एकदा घट्ट झाली की ॲसिटोन तिला विरघळवत नाही, नुसती फुगवते. भिजलेली चिंधी आणि वर पालथी वाटी दहा-पंधरा मिनिटे ठेवून मऊ झालेले तुकडे चिमट्याने ओढावे लागतात आणि काही दोरे त्याबरोबर जातातच.

प्लास्टिकची चटई, फरशीवर अंथरायची शीट आणि गोधडी?

चटई पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्यात रंग मुरत नाही, वरच बसतो. बर्फ, मग नखाने खरवडणे, उरलेल्यावर रिमूव्हरची चिंधी, पाच मिनिटांचे काम.

नक्षी छापलेली शीट पीव्हीसीची असते. ॲसिटोनने ती चिकट होते आणि नक्षीच निघून येते. तिथे बर्फ आणि स्पिरिट एवढेच, धीर धरून.

गोधडीत प्रत्येक ठिगळ वेगळ्या कापडाचे. डाग ज्या ठिगळावर आहे त्याची आणि शेजारच्यांची परीक्षा करा. आत पदर असल्याने खालून कापड ठेवता येत नाही, म्हणून थेंब-थेंब आणि वरूनच टिपायचे. ठिगळ जुन्या साटीनच्या ब्लाउजचे निघाले तर वरून नवे ठिगळ लावणे सोपे पडते.

सतरंजीचाच रंग उडाला. आता?

उडालेला रंग घरी परत येत नाही. स्केचपेनाने भरू नका, पहिल्या धुण्यात पसरतो. पट्टेदार सुती सतरंजी असेल तर त्याच रंगाचे जाड सूत घेऊन गोधडीच्या सुईने उडालेल्या जागेवर बाण्याच्या दिशेने ओवून घेता येते. दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा तासाभरात भरते.

सतरंजीतून खाली जमिनीवर उतरली असेल तर?

सारवलेल्या जमिनीवर सुकू द्या, खुरप्याच्या टोकाने पापुद्रा काढा आणि तेवढ्या जागेवर पुन्हा सारवा. शहाबादी किंवा सिमेंटवर रिमूव्हरची चिंधी चालते. आधी खालची जागा साफ करून मगच सतरंजी अंथरा, नाही तर खालचा रंग रिमूव्हरच्या ओलीने पुन्हा वर लागतो.

लग्नातली किरायाची जाजम किंवा मॅट असेल तर?

मांडवातली लाल-हिरवी मॅट विणलेली नसते, धागे दाबून केलेली असते. रिमूव्हरने तिचे बिघडत नाही, पण घासले की लव निघून भोक पडते. नुसते टिपा. मांडवात स्वयंपाकाची भट्टी पेटलेली असते, म्हणून साफसफाई तिथे नको. डागावर ताट पालथे घाला म्हणजे कोणाचा पाय लागणार नाही, आणि सामान परत करताना मंडपवाल्याला जागा दाखवून सांगा. सुकलेला डाग दुसऱ्या दिवशीही तेवढाच निघतो, घाई नसते.

वापरलेल्या चिंध्यांचे काय करायचे?

चुलीत टाकू नका, भडका उडतो. अंगणात, जनावरांपासून दूर, दोरीवर मोकळ्या टांगा. तासा-दोन तासांत वास गेला की कचऱ्यात टाका. वाटीतले उरलेले रिमूव्हर मोरीत ओतू नका. चिंधीत टिपून तीही टांगा.

रिमूव्हर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. लेकराने प्यायले तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत घ्या. डोळ्यात गेले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवा, मग डॉक्टरला दाखवा.

ड्रायक्लीनवाल्याकडे द्यायचे ठरवले तर काय सांगावे?

डाग नेलपॉलिशचा आहे, साधी की जेल, किती दिवसांची, आणि तुम्ही त्यावर काय काय लावले. पेरॉक्साइड किंवा स्पिरिट लावले असेल तर तेही सांगा. जागेभोवती रंगीत दोऱ्याने चार टाके घालून खूण करा, पेनाने गोल काढू नका. गुंडाळताना डागाची बाजू बाहेर ठेवा आणि मध्ये पांढरे कापड घाला, म्हणजे अर्धवट मऊ झालेला रंग वाटेत दुसऱ्या घडीला लागणार नाही.